पाणी हललं होतं

पडद्यावर आपल्या खांब गावाच्या जागी लाल पट्टा उमटला तेव्हा दिशाला आधी झाला तो आनंद. भीती नंतर आली, आणि आधी आनंद झाला याची लाज तर त्याहून उशिरा, एसटीत बसल्यावर. पण त्या क्षणी झाला तो खराखुरा, लहान पोराला होतो तसा आनंद, आणि तिनं चक्क उडी मारली. पेणच्या कॉलेजात भूगोल शिकवणारी, चौतिशीतली, पोरं जिला पाठीमागून 'भूकंपबाई' म्हणतात ती बाई सकाळच्या पारी भाड्याच्या खोलीत एकटीच उड्या मारते म्हणजे काय म्हणावं! खाली गणपतीचा कारखाना. तिथून लगेच ओरडा आला, "ओ मॅडम, हळू! वरची माती पडतेय, बाप्पाच्या डोळ्यात जाईल!" दिशा खिडकीतून वाकली. खाली ओळीनं मांडलेले पांढरे गणपती वाळत होते, कोणालाच अजून रंग नाही, नजर नाही. "अजून डोळे कुठं काढलेत त्यांचे?" ती म्हणाली. "मग सोंडेवर पडेल," खालून उत्तर आलं. ती हसली आणि पुन्हा पडद्यासमोर येऊन बसली. पट्टा होता तिथंच होता.

आता हा पट्टा म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण घरी तिनं ते इतक्यांदा सांगितलं होतं की सगळे नुसते माना डोलवायचे. उपग्रह वरून जातो, जाता जाता खालची जमीन किती तापलीय ते मोजतो. गेल्या कितीतरी वर्षांची याच दिवसांतली मोजमापं घ्यायची, त्यांची सरासरी काढायची आणि आजच्या आकड्यातून ती वजा करायची. जमीन नेहमीपेक्षा जास्त तापली असेल तिथं लाल उमटतं. भूकंपाआधी खालचे खडक दाबले जातात आणि वरची जमीन किंचित ऊन होते, असं काही जण मानतात. काही जण या म्हणण्याला हसतात. दिशा पहिल्यांतली, म्हणजे ज्यांना हसतात त्यांतली. प्रबंध सुरू केल्यापासून ती लाल रंगाची वाट बघत होती, आणि तोही जिथं लाल असायचं काही कारण नाही अशा जागी. फसायचं नाही म्हणून तिनं काय काय वगळलं होतं! कंपन्यांच्या शेडी वगळल्या, डोंगरावरचे वणवे वगळले, हायवेचं नवं काँक्रीट वगळलं, शेतात पालापाचोळा जाळून राब भाजायचे दिवस तर अख्खेच्या अख्खे बाजूला काढले. पुण्याच्या तिच्या मार्गदर्शक बाई म्हणायच्या, "रात्रीची चित्रं वापर, दिवसा ऊन फसवतं." पण या आठवड्यात रात्रीची चित्रं धुक्यानं खाल्ली होती आणि दिशाला धीर नव्हता. तिनं दुपारची घेतली. परक्या माणसाला जे जे फसवील ते सगळं आपण काढून टाकलंय, असा तिला भरवसा होता, आणि ती कुठं परकी होती? कोलाडकडून निघून डोंगराच्या पायथ्यापायथ्यानं, मध्ये एक बाक घेऊन खांबच्या पुढं गेलेला तो लांबट पट्टा तिला सुंदर वाटला. जमिनीच्या पोटातली भेग असावी तर अशीच, असं तिच्या मनात आलं.

तेवढ्यात फोन वाजला. आई. "निघालीस का नाय गो अजून? गुरुजी येऊन बसलेत, तुझा बाप नवा सदरा घालून खांबाखांबाला हात लावत फिरतोय, नि तू आपली तिकडंच!" मागून मिक्सरचा, पोरांचा, कोणाच्या तरी हसण्याचा आवाज येत होता. आज घराची वास्तुशांत. काल संध्याकाळीच जायला हवं होतं, पण 'एकच चित्र बघते' म्हणून दिशा थांबली होती. "निघते, निघते," ती म्हणाली. "आज समदी हितंच झोपणार हायत," आई म्हणाली, "सोळा गाद्या मांडल्यात खालच्या हॉलात. तुझी जागा धरून ठेवलीय माझ्या बाजूला." फोन बंद झाला आणि दिशा पडद्याकडं बघत राहिली. लाल पट्टा जिथं सगळ्यात गडद होता तिथं बोट ठेवलं असतं तर ते बोट घरावर पडलं असतं. नव्या घरावर, नव्या स्लॅबवर, त्याखाली मांडलेल्या गाद्यांवर. तेव्हा कुठं तिला भीती वाटली.

एसटी पेणमधून निघाली. खिडकीशी जागा मिळाली, वारा आत येत होता, शेजारची बाई टोपलीतल्या कोंबडीशी बोलत होती, सगळं कसं रोजच्यासारखं होतं. आणि दिशाच्या आत मात्र दोन दिशा एकमेकींशी भांडत होत्या. एक म्हणत होती, फोन कर, सांग सगळ्यांना, आज स्लॅबखाली झोपू नका म्हणावं. दुसरी म्हणत होती, आणि काही झालं नाही तर? मग जन्मभर दर वास्तुशांतीला, दर बारशाला तुझा किस्सा सांगतील. पण या दोघींच्या खाली, अगदी तळाशी, तिसरीच कोणीतरी होती आणि ती गुणगुणत होती. होऊ दे, म्हणत होती ती. एकदा खरं होऊ दे. दिशाला तिचा आवाज ओळखू आला आणि ती दचकली. ही तर तिसरीतली दिशा! रिबिनी बांधलेली, फ्रॉक भिजलेला, पाठीत नुकताच धपाटा खाल्लेली.

तो सव्वीस जानेवारीचा दिवस होता. झेंडावंदन आटोपून, खिशात लिमलेटच्या गोळ्या घेऊन ती शाळेतून थेट कालव्यावर गेली होती. आई पायऱ्यांवर भांडी घासत होती. धाकटा भाऊ गणेश बांधावर दुपट्यात झोपला होता. दिशानं बूट काढले, खालच्या पायरीवर बसली आणि पाय पाण्यात सोडले. पाणी गार, हिरवट, त्याला तो कालव्याचा वास. शेवाळ, ओला चुना आणि कोणाच्या तरी साबणाचा मिळून झालेला. आणि मग पाणी वर आलं. वारा नव्हता, म्हैस नव्हती, कोणी उडी मारली नव्हती. आपणहून वर आलं, पोटऱ्यांवरून गुडघ्यापर्यंत चढलं, फ्रॉक भिजवला, मग खाली गेलं, इतकं खाली की कधी न दिसणारी शेवाळलेली पायरी दिसली, आणि पुन्हा वर आलं, आधीपेक्षाही वर. कोणीतरी परात हातात धरून इकडं तिकडं कलती करावी तसं. लिमलेटची गोळी तिच्या तोंडात होती तशीच राहिली. "पाय आपटू नको गो, भांडी जातील!" आई ओरडली आणि पाठीत धपाटा बसला. त्या गडबडीत आईचं काहीतरी वाहून गेलं. काय ते दिशाला आठवत नाही, धपाटा आठवतो. संध्याकाळी शेजारच्या टीव्हीवर गुजरातेतल्या भूकंपाची बातमी आली तेव्हा ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मला ठाऊक हाय, पाणी हललं होतं." सगळे हसले. बाबाही हसले. दुसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, म्हैस उतरली असेल. पुढं जे झालं ते सगळं, भूगोल, पुणे, प्रबंध, हे उपग्रह, हे लाल रंग, त्या दिवशीच्या हसण्यातून निघालं. धरणीला काही सांगायचं असतं आणि ती आधी कोणाला तरी सांगते, एवढंच दिशाला सिद्ध करायचं होतं. बाकी सगळी सजावट.

आणि म्हणून आपल्याला आनंद झाला, तिला वाटलं. आपल्या माणसांच्या डोक्यावरचा स्लॅब हलावा म्हणून? शी! तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिनं शेजारच्या बाईला उगाचच विचारलं, "कोंबडी किती दिवसांची?" बाईनं तिच्याकडं बघितलं. "अंडी देते," बाई म्हणाली. विषय संपला.

रोह्याला उतरून ती पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावात गेली. गणेश रात्रपाळी करून तिथंच आला होता, जिलेबीचा खोका घेऊन दुकानाच्या पायरीवर पेंगत बसला होता. आता तो बाप्या झाला होता, कंपनीत लागला होता, पण झोपला की दुपट्यातल्यासारखाच ओठ पुढं काढायचा. "ताई, काय गो, मुहूर्त गेला तुझा," तो जांभई देत म्हणाला. गाडीवर मागं बसून जिलेबीचा खोका मांडीत घेतला आणि दिशानं मोबाईल काढला. तिनं पट्टा मोबाईलवर घेतला होता. कोलाडपर्यंत गणेश काहीबाही बोलत होता, शिफ्टचं, सुपरवायझरचं, "यंदा वाल बघितलास का ताई, कसला आलाय" असं काहीतरी, आणि ती "हं" म्हणत होती. हा 'हं' तिच्या घरी प्रसिद्ध होता. कालव्यावरचा पूल ओलांडताना गाडी उडाली आणि खोका सावरायला ती मोबाईलवर आणखी वाकली. पट्ट्याचा बाक कुठं सुरू होतो ते ती बघत होती. मान वर केली तेव्हा समोर घर होतं.

आणि घर असं सजलं होतं की तिला भरून आलं. झेंडूची तोरणं, दारात रांगोळी, आंब्याचे टाळे, गुलाबी रंग, जो बाबांनीच निवडला होता आणि ज्याबद्दल आता कोणी काही बोलत नव्हतं. आरती नुकतीच आटोपली होती. आईनं तिला दारातच पकडलं, तोंडावरून हात फिरवला, "काय झालंय गो? तोंड का असं? जेवलीस तरी का सकाळी?" असं एका दमात विचारलं आणि उत्तराआधीच तोंडात पेढा कोंबला. बाबा, म्हणजे हैबतराव, हॉलच्या मधल्या खांबाशी उभे होते आणि प्रत्येक पाहुण्याला तो खांब दाखवत होते. "हत्ती नाचवा वर," ते म्हणत होते, "हत्ती!" आणि तळहातानं खांबावर थाप मारत होते. दर थापेला दिशाची नजर वर जात होती. वर बघावं तर स्लॅब. खाली बघावं तर भिंतीशी रचून ठेवलेल्या गाद्या, त्यांवर आईनं स्वतः शिवलेल्या गोधड्या. हे घर बांधायला यांना इतकी वर्षं लागली. आधी पाया, मग भिंती, मग थांबणं, मग स्लॅब. स्लॅबच्या दिवशी, मेमध्ये, दिशा इथंच होती. सगळं गाव घमेली वाहायला आलं होतं आणि संध्याकाळी सगळे सिमेंटनं पांढरे झालेले लोक कालव्यात डुंबले होते. किती हसलो होतो आपण, तिला आठवलं.

जेवणं झाली. वालाचं बिरडं, जिलेबी, भात. दिशानं दोनदा बिरडं घेतलं. भीतीनं भूक मरते म्हणतात, तिची कधी मेली नव्हती. जेवता जेवता ती मनात वाक्यं जुळवत होती आणि प्रत्येक वाक्य उच्चारायच्या आधीच हास्यास्पद होत होतं. 'उपग्रहानुसार' म्हणावं तर मावशी हसणार. 'माझ्या मनात भीती आलीय' म्हणावं तर आई दृष्ट काढणार. आणि अचानक, ताक पिता पिता, तिला सुचलं. "पोपटी लावूया!" ती ओरडली. पंगत थबकली. "आज संध्याकाळी. सगळ्यांनी बाहेर, शेतात. शेकोटी करू, गाणी म्हणू, तिथंच गाद्या टाकू!" पोरांनी गलका केला. वालाच्या शेंगा मडक्यात भरायच्या, भांबुर्डीचा पाला कोंबायचा, मडकं पालथं घालून भोवती जाळ करायचा, याला या भागात नाही कोण म्हणणार? "पण आज कोंबडी नाय," आईनं बजावलं, "वास्तुशांत हाय. शेंगा, बटाटे, रताळी, बस." एका काकांचं तोंड पडलं, पण तेही शेंगा तोडायला निघाले. दिशाला स्वतःचं कौतुक वाटलं. एवढी सोळा गाद्यांची माणसं ती एका शब्दात स्लॅबखालून बाहेर काढणार होती, आणि कोणाला पत्ताही नाही.

पण बाबा. "तुम्ही जा," ते म्हणाले. "मी पोपटी खाऊन परत येतो. पहिली रात हाय, घर रिकामं ठेवायचं नसतं. मी झोपतो हितं." खांबाकडं बघून म्हणाले, जणू खांबालाच वचन देत होते. दिशा त्यांना मागच्या पडवीत घेऊन गेली, पाण्याच्या टाकीपाशी. तिथं कोणी नव्हतं. "बाबा," ती म्हणाली, "तुम्हीही बाहेरच झोपा." "का?" मग तिनं सांगितलं. मोबाईल काढला, पट्टा दाखवला, हे गाव, हे घर, ही जमीन नेहमीपेक्षा तापलीय. बाबांनी मोबाईल हातभर लांब धरला, डोळे बारीक केले. "हे लाल?" "हो." "म्हंजे भूकंप?" "होईलच असं नाही." "मग नाय होणार?" "तसंही नाही." बाबा हसले नाहीत, आणि त्यांनी हसायला हवं होतं असं तिला वाटलं. त्यांनी मोबाईल परत दिला. "दिशे," ते म्हणाले, "हे घर बांधताना मी रोज रातीला मनात ह्या घरात झोपलोय. आज पयल्यांदा खरं झोपायचंय. तू म्हणतेस तर विचार करतो. पण तुला खात्री असंल तर सांग. खात्रीनं सांगितलंस तर येतो बाहेर." खात्री! सबंध आयुष्यात तिला एकाच गोष्टीची खात्री होती, आणि तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नव्हता. "पोपटी होईपर्यंत सांगते," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

ऊन कलायला लागलं तसे सगळे मडकी, पाला, पेंढा घेऊन निघाले. बायजाआत्या गुडघ्यांमुळं मागं राहिली, अंगणातल्या मांडवात खुर्ची टाकून बसली, आत देवापाशी दिवा होता. दिशा सगळ्यात मागून चालत होती. बाबा पुढं, खांद्यावर पेंढा, नव्या सदऱ्याला पेंढ्याच्या काड्या. त्यांच्या पाठीकडं बघत ती बांधावरून चालत होती आणि ठरवत होती की खात्री आहे असं खोटंच सांगून टाकायचं. काय होईल? हसतील. हसू देत. शेंगांचा हिरवा उग्र वास हाताला लागला होता. पुढं वाट चढाला लागली, कालव्याच्या भरावाची, आणि पायांनी आपणहून लहानपणचं केलं. चपला काढून हातात घेतल्या. भरावावर चढताना चपला हातात घ्यायच्या, कारण पलीकडं पाणी, पायऱ्या निसरड्या. माती ऊन लागली. किती ऊन आहे जमीन, तिला वाटलं, आणि सकाळचा लाल पट्टा पुन्हा डोळ्यांपुढं आला. ती वर चढली. नाकानं शेवाळाचा, चुन्याचा, साबणाचा वास घ्यायची तयारी केली होती. वास आला तो धुराचा.

खाली कालव्यात पाणी नव्हतं. कालव्यात क्रिकेट चाललं होतं. थोडं पुढं, अगदी तळाशी, बायका ओळीनं बसून मडक्यांत शेंगा भरत होत्या, आणि गणेश पेंढा रचत होता, जिथं त्याच्या डोक्यावरून दीड पुरुष पाणी असायला हवं होतं तिथं. भिंतींना नवा गिलावा, काठावर काढून टाकलेल्या गाळाचे ढीग. दिशानं डावीकडं बघितलं. जिथं या दिवसांत उन्हाळी भाताची खाचरं पाण्यानं चमकत असतात तिथं वाल, सुकत आलेला, आणि वालाच्या पलीकडं नुसती धसकटं. उजवीकडं बघितलं. तेच. कोरडं, तापलेलं, पिवळं, कालव्याच्या काठाकाठानं, डोंगराच्या पायथ्यापायथ्यानं, मध्ये एक बाक घेऊन, पार कोलाडच्या बाजूला. तिनं हळूहळू मान फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तो बाक आला तेव्हा तिला तो ओळखू आला. सकाळी ज्याच्यासाठी उडी मारली तोच हा. सगळं जग वगळलं आणि कालवा विसरली! कारण तिच्या डोक्यात कालव्याला पाणी असतंच. मोजायची गोष्ट नव्हती ती, सूर्य उगवतो तसं होतं ते. जन्मभर ती त्याला काठावर बसून ओळखत होती, वरून तिनं त्याला कधी बघितलंच नव्हतं.

ती मटकन भरावावर बसली आणि हसायला लागली. आधी आतल्या आत, मग मोठ्यानं, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्या पाण्यात थोडं दुःखही होतं, खोटं कशाला सांगा, तो पट्टा इतका देखणा होता. पण हसू थांबेना. भीती गेली, आणि ही सगळी माणसं, मडकी, पोरं, तो गुलाबी रंगाचा गाढवपणा, सगळं जागच्या जागी आहे आणि राहणार आहे याचा आनंद तिला सकाळच्यापेक्षा मोठा झाला. बाबा धापा टाकत वर आले. "काय झालं गो?" "बाबा, तो लाल पट्टा म्हणजे आपला कालवा! पाणी नाही म्हणून जमीन तापलीय. कधीपासून बंद आहे हा?" "यंदा सोडलंच नाय. दुरुस्ती चाललीय," बाबा म्हणाले. "आईनं फोनवर सांगितलं व्हतं तुला. दोनदा. तू 'हं' म्हणालीस." "मग झोपा तुम्ही घरात," दिशा डोळे पुसत म्हणाली, "खुशाल झोपा. खात्रीनं सांगते."

मडकी पेटली, विझली, उपडी केली, आणि तो वास सुटला, ज्याच्यासाठी माणसं लांबलांबून घरी येतात. कालव्याच्या तळाशी, कोरड्या सिमेंटवर फतकल मारून सगळे शेंगा सोलत बसले. दिशाचा किस्सा एव्हाना सगळ्यांना कळला होता, आणि ती भीत होती तसंच झालं. सगळे हसले. पण तिला ते लागलं नाही, तीच सगळ्यांत जास्त हसत होती. भूकंप शोधायला गेली नि कालवा सापडला, एक काका म्हणाले. कालव्यात गाळ काढायचं काम करणारी ठमी पलीकडच्या वाडीतून आली होती, आईशेजारी बसली होती. "कालवा काय, काय काय सापडलं ह्यात," ठमी म्हणाली. "पैंजण, सायकलची घंटा, एक आख्खा पंप. दाखव ना गो मैनावैनी, तुझं काय गावलं ते." आईनं पिशवीतून, रताळ्यांखालून, एक पितळी गडू काढला. चिंचेनं घासून लख्ख केलेला, एका बाजूला चेमटलेला. गळ्याशी नाव कोरलेलं, सौ. मैना हैबतराव. आईच्या लग्नातला. "पायऱ्यांच्या बुडाशी गाळात रुतलेला व्हता. ठमीनं नाव वाचून घेतलं पोराकडून नि आणून दिला," आई म्हणाली. मग दिशाकडं वळून, इतक्या वर्षांचा राग ताजा करून, "हिच्यामुळं गेला व्हता! सव्वीस जानेवारीला. पाय आपटत बसली नि लाट आली, गेला माझा गडू. कसा धपाटा घातला व्हता मी!"

"मी पाय आपटले नव्हते," दिशा म्हणाली. आवाज तिसरीतला निघाला.

"नाय कसे? वरच्या पायरीवर ठेवलेला गडू उगाच जाईल?"

आई बोलून गेली आणि थांबली. हातातली शेंग तशीच. तिनं पायऱ्यांकडं बघितलं. पायऱ्या तिथंच होत्या, कोरड्या, उघड्या, खालून वरपर्यंत. सगळ्यांनीच बघितलं. खालची पायरी, जिथं पोर बसली होती. वरची पायरी, जिथं गडू होता. मधलं अंतर डोळ्यांपुढं होतं. "वरच्या पायरीवर?" बाबांनी विचारलं. "तर काय!" आई म्हणाली, पण हळू. "घासून पालथा ठेवलेला. सुकायला." पोराच्या पायानं तिथपर्यंत पाणी जात नाही, म्हशीनंही जात नाही, हे कोणी सांगावं लागलं नाही. आई उठली, शेंगांचा पसारा ओलांडून आली आणि दिशाच्या पाठीवर, अगदी तेव्हा धपाटा घातला होता त्याच जागी, हात ठेवला. "हललं व्हतं गो पाणी," आई म्हणाली. "खरंच हललं व्हतं." दिशाला वाटलं होतं हे शब्द ऐकले की आपण रडू. ती रडली नाही. तोंडात गरम बटाटा होता आणि सगळं अंग हलकं झालं होतं.

बाबा उठले. सदऱ्यावरच्या काड्या झटकल्या. "गणेश," त्यांनी हाक मारली, "चल, माझी गादी आण बाहेर." "आता का?" दिशा म्हणाली, "बाबा, मी सांगितलं ना, तो पट्टा चुकीचा. काही होणार नाही." "तू सांगितलंस," बाबा म्हणाले, "पण एकदा तुझं ऐकलं नव्हतं. आज ऐकतो. दुपारचं आधी ऐकतो, संध्याकाळचं उद्या ऐकीन." आणि ते खरोखरच गादी आणायला निघाले! दिशानं हात जोडले, समजावलं, रात्रीची चित्रं, दुपारची चित्रं, ओली जमीन, कोरडी जमीन. कोणी ऐकेना. एकेक जण उठला, आपापली गादी आणायला गेला. काका म्हणाले, पोरगी एवढी शिकलीय, उगाच सांगंल का. ज्या विश्वासासाठी ती इतकी वर्षं झुरली तो असा, भलत्या दिवशी, भलत्या कारणासाठी, सोळा गाद्या डोक्यावर घेऊन वाजतगाजत येत होता.

पण मग घर? पहिल्या रात्री घर रिकामं ठेवायचं नसतं. सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. "मी झोपते," दिशा म्हणाली. "एकटी? स्लॅबखाली?" आईनं विचारलं. "मला खात्री आहे," दिशा म्हणाली आणि आईच्या हातातला गडू मागून घेतला.

हॉलमध्ये आता एकच गादी होती. देवापाशी दिवा, झेंडूचा वास, ओल्या रंगाचा वास. दिशानं गडू माठातल्या पाण्यानं काठोकाठ भरला, उशाशी फरशीवर ठेवला आणि आडवी झाली. डोक्यावर स्लॅब होता, गावानं घमेल्याघमेल्यानं वाहिलेला. तिनं मोबाईल काढला, पुण्याच्या बाईंना लिहिलं, 'कालवा वगळायचा राहिला,' आणि मोबाईल उशीखाली सारला. बाहेर भरावाच्या बाजूला गाणं सुरू झालं होतं. आधी टाळ्या, मग बायकांचा फेर, मग बहुतेक सगळेच, कारण खिडकीची तावदानं बारीक वाजायला लागली. तिनं कुशीवर वळून गडूकडं बघितलं. दिव्याच्या उजेडात पाण्यावर वर्तुळं उठत होती, काठाला लागत होती, परत येत होती. ती उठून खिडकीशी गेली आणि जोरात ओरडली, "आये! पाणी हलतंय!"

"हलू दे गो!" बाहेरून आई ओरडली, आणि फेर आणखी जोरात सुरू झाला.